जुन्या कर्नलमधले पालक

आधीच सांगते, मी घाबरट बाई नाही.

माझं नाव उमैमा. लातूरमध्ये गेली नऊ वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करते. अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच दुकानात आता मी बसते. शॉक खाल्लेत, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हातानं ओढून काढल्यात. कुणी जिन्न, भूत, बाहेरची बाधा असलं काही सांगायला लागलं की मी त्याची यथेच्छ चेष्टा करायचे.

आता करत नाही.

खाली लिहिलंय ते माझ्या डोळ्यांसमोर झालेलं आहे. त्यातलं निम्मं तर माझ्याच हातानं झालंय. हॉस्टेलचं नाव तेवढं विचारू नका, तिथं आजही सव्वाशे मुली राहतात.

डिसेंबर २०२४. लातूरला औसा रोडच्या आतल्या गल्लीतलं मुलींचं हॉस्टेल.

आणि वेळ रात्रीची नव्हती. लख्ख ऊन होतं. दर रविवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं...

लातूरचा रविवार ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. गावोगावचे आईबाप डबे घेऊन येतात. हॉस्टेलच्या बाहेर पेपर अंथरून पोरीला जेवायला घालतात, तिच्या टेस्टचे मार्क विचारतात आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जातात. या हॉस्टेलचा नियम कडक होता. ज्या पालकाचा अंगठा मशीनमध्ये नोंदवलाय, त्याच्याबरोबरच मुलगी बाहेर जाणार. गेटला लागून ऑफिसची खिडकी आहे, तिच्या कठड्यावर मशीन. पालकानं अंगठा लावला की स्क्रीनवर त्याचा फोटो येतो, गेटचं कुलूप 'खट्' करून उघडतं आणि मुलीच्या नावापुढे 'बाहेर' अशी नोंद पडते. परत आणून सोडताना पुन्हा अंगठा. मग 'आत'.

मुलींच्या हॉस्टेलात पुरुष मेकॅनिकला घेत नाहीत, त्यामुळे अशी बरीच कामं माझ्याकडे येतात.

शनिवारी, ३० नोव्हेंबरला, कावेरीबाईंचा फोन आला. कावेरीबाई तिथल्या रेक्टर. निलंग्याकडच्या, तोंडानं फटकळ, पण पोरींसाठी जीव टाकणाऱ्या.

"उमैमा, त्या अंगठ्याच्या मशीनला काय धाड भरली बघ की. जुलैपासून वहीवर सह्या घेऊन राहिले मी."

"जुलैपासून? आणि आठवण आज झाली?"

"मालकाला सांगून सांगून थकले. आता कुठं हाव म्हणला. ये बरं."

गेले. दहा मिनिटांत दोष सापडला.

थोडं समजावून सांगते, अवघड नाही. कॉम्प्युटर चालवणारा जो मूळ भाग असतो त्याला कर्नल म्हणतात. हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, फुकट मिळतं म्हणून मीच टाकून दिलेलं. जुलैत अपडेट झाला आणि नवा कर्नल आला. पण नवा आला म्हणून जुना जात नाही. तो मागे तसाच राहतो. एकच रिक्षा आणि दोन ड्रायव्हर म्हणा. कॉम्प्युटर सुरू होताना पाच सेकंद दोघांची नावं स्क्रीनवर दिसतात. कुणी काही निवडलं नाही, तर आपण ठरवून दिलेला गाडी घेऊन निघतो.

अंगठ्याचं मशीन स्वस्तातलं, जुनं. ते फक्त जुन्या कर्नलमध्ये चालायचं. नवा त्याला ओळखतच नव्हता.

मग काय, मी जुना कर्नल कायमचा ठरवून दिला. वर आणखी शहाणपणा केला. पुढं कधी यादीतून दुसरा निवडायची वेळ आली तर कावेरीबाईंना दर वेळी निवडत बसायला नको, म्हणून 'शेवटी जो निवडला तोच लक्षात ठेव' असंही सांगून ठेवलं.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. मशीनचा लाल दिवा लागला.

पालकांची यादी तपासताना एका नावावर कावेरीबाईंनी सुस्कारा सोडला. शेषेराव, मुक्काम मुदखेड.

"गेले बिचारे. ऑगस्टमध्ये, झोपेतच. रेल्वेत गँगमन होते, रुळांच्या कामावर. अक्षराचे वडील."

"मग काढून टाकू का अंगठा?"

"न्हाई न्हाई! वर्षश्राद्ध होऊ दे आधी. वर्षाच्या आत माणसाचं नाव पुसायचं न्हाई, पोरी. राहू दे, तुझं काय खाऊन राहिलंय ते?"

मी खांदे उडवले. राहू दिलं.

दारात एक मुलगी उभी होती. सतरा वर्षांची, किरकोळ, दोन वेण्या. कधीपासून उभी होती माहीत नाही, पण मी कावेरीबाईंना कर्नलची यादी समजावत होते ते सगळं तिनं ऐकलं असणार.

"ताई, आता आधीचे अंगठे परत चालतील का? सगळे?"

"सगळे," मी म्हणाले. "एकही वाया जाणार नाही."

ती अक्षरा होती. हे मला नंतर कळलं. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

सोमवारी सकाळी कावेरीबाईंचा फोन.

"तुझं मशीन येडं झालंय गं."

काल रविवारी नोंद पडली होती. पालक शेषेराव. दोन वाजून दहा मिनिटांनी, अक्षरा 'बाहेर'. तीन वाजून पाच मिनिटांनी 'आत'.

"दुसऱ्या कुणाचा अंगठा जुळला असेल," मी सांगितलं. "काम करून घासलेला अंगठा असला की मशीन गोंधळतं."

"घासलेला तर होताच. लोखंड उचलून उचलून रेघाच राहिल्या नव्हत्या त्यांच्या अंगठ्याला. कधीच पहिल्या झटक्यात घ्यायचं न्हाई मशीन. दोनदा नको म्हणायचं. मग पँटीला अंगठा पुसून म्हणायचे, 'घे की बाबा, लांबून आलोय.' तिसऱ्या बारीला घ्यायचं." कावेरीबाईंचा आवाज खाली आला. "काल मी तव्हा मेसमध्ये होते. पण पोरगी खोलीत नव्हती गं त्या टायमाला. मैत्रिणीकडं असंल म्हणून मी गप राहिले."

मी हसण्यावारी नेलं. पण पुढच्या रविवारी स्वतः जाऊन बसायचं ठरवलं.

८ डिसेंबर. दीड वाजल्यापासून मी ऑफिसात, कॉम्प्युटरसमोर. गेटबाहेर जत्रा भरल्यासारखी गर्दी. कुणाच्या भाकरी, कुणाची शेंगदाण्याची चटणी, कुणाचं लहान भावंड रडतंय. कावेरीबाईंनी चहा आणून दिला.

दोन वाजून आठ.

दोन वाजून नऊ.

आणि वास आला... लोखंडाचा. तापलेल्या रुळाला लावलेल्या तेलाचा.

टीं.

मशीननं नको म्हटलं. मी खिडकीकडे पाहिलं. कठड्यापाशी कुणीच नव्हतं. पण काचेखाली लाल दिवा पेटलेला होता. बोट ठेवल्यावर पेटतो तसा.

टीं.

पुन्हा नको. मग काही क्षण नुसती शांतता... कुणीतरी अंगठा पुसत असावं एवढा वेळ.

टीं———

लांब आवाज. जुळला.

स्क्रीनवर फोटो आला. पांढरा सदरा, कपाळाला बुक्का, कॅमेऱ्याकडे बघून थोडा लाजलेला माणूस. गेटचं कुलूप 'खट्' झालं आणि गेट वीतभर आपोआप उघडलं.

कावेरीबाईंच्या हातातली बशी खाली पडली.

जिन्यावरून अक्षरा उतरली. पिवळा ड्रेस, तेल लावून घातलेल्या वेण्या. आमच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. गेटमधून बाहेर पडली आणि डावीकडे वळली. चालताना तिनं उजव्या बाजूला एका माणसाची जागा सोडली होती. मान वर करून ती कुणाशी तरी बोलत होती.

मी चपला न घालताच धावले. ती गल्ली सरळसोट आहे, मोठ्या रस्त्यापर्यंत दोनशे पावलं, मध्ये एकही वळण नाही. मला गेटपाशी पोचायला दहा सेकंद लागले असतील.

गल्लीत अक्षरा नव्हती.

गेटजवळ बसलेल्या एका पालकाला विचारलं.

"आत्ता गेली की पोरगी," तो म्हणाला. "बापासंगं."

"तुम्ही बाप बघितला?"

त्यानं घास हातात तसाच धरला. "बोलत होती ना कुणासंगं तरी..." एवढंच म्हणाला आणि आपल्या मुलीला जवळ ओढून बसला.

ती परत आली तेव्हा बरोबर चार वाजले होते. टीं, टीं, टीं———. ओढणीत चार पेरू बांधलेले. चेहऱ्यावर असा आनंद, की रागवायला तोंड उघडेना.

"कुठं गेली होतीस?" कावेरीबाईंनी विचारलं.

"बाबांसंगं. स्टेशनपर्यंत फिरून आलो."

अगदी साधं उत्तर. टेस्टचे मार्क सांगावे तसं. तिच्या उजव्या खांद्यावर काळा, तेलकट डाग होता. तळहाताएवढा. मी तिचा हात धरला आणि लगेच सोडला. तो हात बर्फासारखा थंड होता.

पहिल्या रविवारी पंचावन्न मिनिटं. दुसऱ्या रविवारी एक तास पन्नास मिनिटं. वेळ वाढत होता, आणि हे मला तेव्हाच कळलं.

त्याच संध्याकाळी मी नवा कर्नल ठरवून दिला. मशीन बंद. कावेरीबाई म्हणाल्या, "मी आपली वहीवरच सह्या घेते, बाई." मी घरी आले, अम्मीजवळ जाऊन बसले आणि तिला काहीच सांगितलं नाही.

पण एक चूक राहिली. 'शेवटी निवडलेला लक्षात ठेव' हे मी काढलंच नव्हतं.

१५ डिसेंबर. संध्याकाळी सहाला फोन. कावेरीबाई रडत होत्या.

"पोरगी अजून आली न्हाई गं... दोन दहाला गेली. मशीन चालू कसं काय झालं? तू तर बंद केलं होतं ना?"

मी पोचले तेव्हा अंधार पडला होता. सहा चाळीसला खिडकीवर तोच आवाज आला. तीनदा. अक्षरा गेटमधून आत आली आणि तिथंच फरशीवर बसली. थकलेली. ओठ पांढरे. तिच्या चपलांना खडी चिकटलेली होती, रुळांमध्ये असते तसली.

तिला खोलीत नेऊन गरम दूध दिलं. कावेरीबाईंना मी बाहेर थांबवलं.

"सकाळी कॉम्प्युटर बंद करून परत कुणी चालू केला, अक्षरा?"

तिनं दुधाचा पेला खाली ठेवला.

"यादीतला जुना तू निवडलास ना?"

तिच्या डोळ्यांत पाणी भरलं. "नव्यात बाबा येत न्हाईत, ताई. नव्यात ते बाहेरच उभे राहतात. मला खिडकीतून दिसतात... पण गेट उघडत न्हाई." मग एकदम माझा हात घट्ट धरला. "ताई, तुम्ही नका ना बदलू. यात कुणाचं काही नुकसान होऊन राहिलंय का? दोन घटका बोलतो फक्त आम्ही."

खरं सांगते, एक क्षण वाटलं, राहू द्यावं. माझे अब्बा असे खिडकीशी आले असते, तर मी कोणता कर्नल निवडला असता?

"काय बोलतात बाबा?" मी विचारलं.

ती हसली.

"म्हणले, दर रविवारी परत आणून सोडायचं आता जमत न्हाई, लई लांब पडतं. पुढच्या रविवारी घरीच घेऊन जातो म्हणले."

"कुठल्या घरी?"

"ते न्हाई सांगितलं."

त्या आठवड्यात मी नीट जेवले नाही. दार मी उघडून दिलं होतं, ते मलाच लावायला हवं होतं. वाटतं तेवढं सोपं नव्हतं ते. अंगठे साठवलेले होते मशीनच्या पोटात. ते पुसायचे तर मशीन चालू हवं, म्हणजे जुना कर्नल सुरू करावा लागणार. तो सुरू करायची माझी हिंमत नव्हती. कॉम्प्युटरच बंद ठेवावा, तर गेटचं कुलूप उघडं पडतं. आग लागली तर मुली अडकू नयेत म्हणून ते तसंच बसवलेलं.

जुना कर्नल मुळासकट काढून टाकावा, तर अक्षराचं 'नका ना बदलू' आठवायचं आणि हात धजायचा नाही. शेवटी एकच केलं. नवा कर्नल ठरवला. लक्षात ठेवायची सोय काढून टाकली. सुरुवातीची यादीच दिसणार नाही अशी व्यवस्था केली. मशीनची वायर उपटली आणि माझ्या पिशवीत घातली. आणि कावेरीबाईंनी अक्षराच्या आईला बोलावून घेतलं.

२२ डिसेंबर.

अयोध्याबाई मुदखेडहून पहाटेच निघाल्या होत्या. लहानखुऱ्या, कपाळ मोकळं. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "बरे दिसतात का ते?" आणि अक्षरानं मान हलवल्यावर पदर तोंडाला लावून खूप वेळ बसून राहिल्या.

पावणेदोनला आम्ही चौघी ऑफिसात. अयोध्याबाईंनी लेकीला दोन्ही हातांनी धरलेलं. कावेरीबाईंचा जप चालू. माझ्या ओठांवर कुराणातली आयतुल कुर्सी. बाहेर नेहमीची गर्दी.

दोन वाजून दहा.

काहीच झालं नाही.

खिडकीतलं मशीन मेलेलं. दिवा नाही, आवाज नाही. मी श्वास सोडला...

आणि लाईट गेली.

इन्व्हर्टरनं एक क्षण उशीर केला. तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू झाला. हरकत नाही, मी स्वतःला म्हटलं, यादी दिसणारच नाही.

यादी दिसली.

मी विसरले होते. लाईट जाऊन कॉम्प्युटर असा अचानक बंद पडला, की पुढच्या वेळी तो आपलं ठरवलेलं बाजूला ठेवतो. यादी दाखवतो आणि तीस सेकंद थांबतो. शिकाऊ पोरालाही माहीत असलेली गोष्ट.

वर नवा. खाली जुना. निवडीची पट्टी नव्यावर होती. तीस... एकोणतीस... अठ्ठावीस...

त्या खोलीत रुळाच्या तेलाचा वास भरला.

पट्टी खाली सरकली.

मी बोट मारून वर घेतली. ती पुन्हा खाली आली. मी पुन्हा वर घेतली. तेव्हा माझी नजर कीबोर्डवर गेली... खालच्या बाणाचं बटण दाबलेलं होतं. आपोआप. पूर्ण आत गेलेलं, जाड अंगठ्यानं दाबून धरावं तसं. मी ते नखानं उचकटायला गेले, तर बोट बधिर झालं. आकडे थांबले होते. एकवीसवर. पट्टी जुन्यावर.

आता फक्त एंटर दाबायचं बाकी होतं.

"बाबा आले," अक्षरा म्हणाली आणि उठली. तिच्या आईला तिला धरवेना, इतकी ताकद कुठून आली कोण जाणे.

आणि मग अयोध्याबाई बोलल्या. मोठ्यानं नाही. घरात नवऱ्याशी बोलावं तशा.

"अवो... मला ठावं हाय तुम्हाला करमत न्हाई. मला तरी कुठं करमतंय? पर माझ्याजवळ आता एवढीच हाय. तिला नेलं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू? न्यायचं तर मला न्या. तिला राहू द्या."

कावेरीबाईंचा जप थांबला.

अक्षरा कॉम्प्युटरपाशी येऊन उभी राहिली होती. तिनं आईकडे पाहिलं. मग उजवीकडे, थोडं वर, जिथं कुणीच नव्हतं तिकडे पाहिलं. तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती ढसाढसा रडायला लागली.

"बाबा, मी न्हाई येत. आई एकटी पडंल. तुम्ही... तुम्ही जा."

तिनं बोट पुढं केलं. खालच्या बाणाचं बटण हळूच वर आलं. कुणीतरी अंगठा काढून घेतल्यासारखं. अक्षरानं पट्टी वर घेतली आणि एंटर दाबला.

नवा कर्नल सुरू झाला. वास गेला. बाहेरचा कलकलाट परत ऐकू यायला लागला, आणि तेव्हा मला कळलं की इतका वेळ तो ऐकूच येत नव्हता.

त्या दिवशी मायलेकी हॉस्टेलच्या ओट्यावर बसून पोटभर जेवल्या. कावेरीबाई एकीकडे रडत होत्या, एकीकडे वाढत होत्या. मलाही आग्रहानं दोन भाकरी खायला लावल्या.

मी मात्र धोका ठेवणार नव्हते. हात धुतले आणि कॉम्प्युटरसमोर बसून जुना कर्नल मुळासकट काढून टाकला. आता तो यादीतच नव्हता. कुणी निवडू म्हटलं तरी निवडता येणार नव्हता. पिशवीतलं वायरीचं भेंडोळं हाताला लागलं तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

निघता निघता सहज म्हणून नोंदी उघडल्या.

एक नवी नोंद होती. आजची. दोन वाजून दहा मिनिटं.

मशीनची वायर माझ्या पिशवीत होती. नोंद पडणं शक्यच नव्हतं.

पालक, शेषेराव. विद्यार्थिनीचा रकाना रिकामा. आणि पुढे एकच शब्द...

'आत'.

तो प्रोग्रॅम मी बसवलाय. 'बाहेर' पडल्याशिवाय 'आत' पडतच नाही. मी वर-खाली सगळं शोधलं. त्याआधी 'बाहेर' नव्हतं. त्यानंतरही नव्हतं.

लेकीला न्यायचं नाही म्हटल्यावर बापानं काय केलं असेल, ते माझ्या लक्षात आलं. गेट उघडं पडलं होतं, लाईट गेली तेव्हा, एक क्षणभर. त्यातून ते आत आले, आणि मग आतच राहिले.

मी स्क्रीन बंद केली. ओट्यावर मायलेकी कशावरून तरी हसत होत्या. मी कुणाला काही बोलले नाही.

पुढचे पाच महिने अक्षरानं जीव तोडून अभ्यास केला. कावेरीबाई फोनवर कौतुकानं सांगायच्या, "लई शहाणी झाली पोरगी. खोलीत बसून एकटीच मोठ्यानं पाठ करती. मधीच हसती पण." मी हूं म्हणायचे आणि विषय बदलायचे. निकाल लागला, तिला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला. पेढे घेऊन ती दुकानात आली होती. तब्येत भरलेली, हात ऊबदार. मला खूप बरं वाटलं.

"हॉस्टेल सोडताना कसं वाटलं?" मी विचारलं.

"बाबांना म्हणलं, चला," ती म्हणाली. मग पेढ्याच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. "पण ते गेटपर्यंतच आले, ताई. तिथंच थांबले. का थांबले काय माहीत."

मला माहीत होतं.

लाईट जाऊन गेट पुन्हा उघडं पडू नये म्हणून कॉम्प्युटरला मी वेगळी बॅटरी लावून दिली होती. आता त्यांच्यासाठी ते गेट एकाच कर्नलमध्ये उघडायचं, आणि तो मी माझ्या हातानं पुसून टाकला होता.

मागच्या महिन्यात कावेरीबाईंचा फोन आला. रविवारी दुपारी मुली गेटजवळच्या ओट्यावर बसायला तयार होत नाहीत म्हणे. तिथं कायम कुणीतरी आधीच बसलेलं वाटतं. "काही त्रास न्हाई गं त्याचा," कावेरीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पर लई वाईट वाटतं. जायचं असंल त्याला. तुझ्याकडं काही इलाज हाय का?"

इलाज आहे. तो जुना कर्नल मी पुन्हा बसवून देऊ शकते, अर्ध्या तासाचं काम. गेट उघडेल आणि शेषेराव बाहेर पडतील.

पण बाहेर पडून ते जाणार कुठं? त्यांना जायला एकच ठिकाण आहे, आणि ते नांदेडला हॉस्टेलमध्ये राहून डॉक्टरकी शिकतंय.

कावेरीबाईंना अजून उत्तर दिलेलं नाही. परवा रविवार आहे.